रिकाम्या गॅसच्या डब्याच्या तीन अवस्था

प्रस्तुत विवेचनात ‘डबा’ म्हणजे गिर्यारोहकांच्या शेगडीला जोडले जाणारे, एकदाच वापरावयाचे, पातळ पोलादी पत्र्याचे इंधनपात्र. त्याच्या विल्हेवाटीचा विचार डबा रिकामा आहे असे धरून केला जातो. पण रिक्ततेच्या तीन अवस्था आहेत: (1) ज्वाला विझते, (2) द्रव संपतो, बाष्प उरते, (3) बाष्पही जाते.

पहिली अवस्था तापमानसापेक्ष आहे. डब्यात बहुधा ब्यूटेन, आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे सुमारे उणे 0.5, उणे 12 व उणे 42 अंश सेल्सिअस. प्रोपेन लवकर खर्ची पडतो, म्हणून शेवटच्या द्रवात ब्यूटेनचे प्रमाण वाढते. शिवाय बाष्पीभवनाची उष्णता डब्यातूनच जाते. गडावरच्या थंड रात्री बुडाशी दव धरते ते यामुळे. हिमालयातल्या वरच्या तळावर ज्वाला विझलेला डबा कानाशी हलवला, तर आत खळखळ ऐकू येते. तोच डबा पुण्यात उन्हात उभ्या गाडीत राहिला, की द्रवाचा अंश असेतो दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या वजनावर नव्हे. 50 अंशांस ब्यूटेनचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या सुमारे पाचपट असतो. म्हणून डबा वर भोसकू वा पुरू नये, खाली आणावा. आणि मोकळ्या जागी, कोमट पाण्याच्या थाळीत ठेवून, उरलेले इंधन शेगडीवरच जाळावे.

दुसऱ्या अवस्थेत 230 ग्रॅमच्या डब्यात सुमारे एक ग्रॅम बाष्प उरते. हवेत 1.8 ते 8.4 टक्के ब्यूटेन असल्यास मिश्रण पेट घेते. बंद डब्यात हवा नसते. छिद्र पाडताच ती शिरते व मिश्रण या मर्यादेतून जाते. यास्तव छिद्र आगीपासून दूर, ठिणगी न पडणाऱ्या हत्याराने, उघड्यावर पाडावे. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड असल्याने तंबू वा खड्डा वर्ज्य. नंतर डबा पाण्याने काठोकाठ भरून ओतावा. ही तिसरी अवस्था.

पुनर्वापराचे दोन प्रकार. पुनर्भरण त्याज्य: द्रवाच्या प्रसरणासाठी रिकामी जागा राखली आहे की नाही, याची घरी खात्री होत नाही. पत्र्याचा अन्य उपयोग तिसऱ्या अवस्थेनंतरच. पेन ठेवण्यासाठी एवढा खटाटोप ज्यास रुचेल त्याने कात्रीने कापावा, ग्राइंडरने नव्हे.

भंगारवाल्याकडे छिद्र स्पष्ट दिसेल असाच डबा द्यावा. पत्रा दाबणाऱ्या माणसास तो कोणत्या अवस्थेत आहे हे बाहेरून कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.