रस्ता, शाळा आणि विद्यापीठ : मुंबई इलाख्यातील सार्वजनिक खर्चाचा प्रश्न (१८६३-१८८२)

शासनाने रस्त्यांवर खर्च करावा की उच्च शिक्षणाच्या इमारतींवर, या वादाची मुळे महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत जातात. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. त्यातील दोन तृतीयांश रक्कम रस्ते, पाणीपुरवठा, धर्मशाळा इत्यादी कामांसाठी व एक तृतीयांश ग्रामीण शाळांसाठी राखून ठेवण्यात आली.

याच काळात मुंबईत विद्यापीठाच्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या. कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीच्या आधारे पदवीदान सभागृह १८७४ मध्ये, तर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीच्या आधारे ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाले. वास्तूंना दाते लाभले. सरकारी महाविद्यालयांच्या चालू खर्चाचा भार मात्र मुख्यतः सरकारी तिजोरीवर राहिला.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले. महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, परंतु उच्च शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मत त्यांनी नोंदविले.

तात्पर्य, ‘रस्ता विरुद्ध इमारत’ ही मांडणी अपुरी ठरते. कर कोणी भरला, लाभ कोणाला झाला आणि वाटणी ठरविताना आणा देणाऱ्या शेतकऱ्याला कितपत स्थान होते, हे त्यामागील मूळ प्रश्न होत.