रेडिएटर: दुरुस्तीकडून बदलीकडे

गेल्या रविवारी अंबरनाथ पूर्वेला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी जुन्या गाडीचा रेडिएटर स्वतः बदलला. इंजिन थंड झाल्यावर कूलंट बादलीत काढलं, दोन होजपाइप, पंख्याची वायर आणि बोल्ट सोडवले. बाबा बघत होते. म्हणाले, "पद्मिनीचा आम्ही कधी बदलला नाही. सोल्डर मारून आणायचो."

यामागे इतिहास आहे. १९०१च्या मर्सिडीझसाठी विल्हेल्म मायबाखने ८ हजारांहून अधिक बारीक नळ्या एकमेकींना झाळून, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची, तेव्हाही रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गळती सापडली, की कारागीर ती झाळून बुजवी. पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी आली. वजन घटलं, खर्च घटला. पण तडकलेल्या प्लास्टिकवर सोल्डर धरत नाही.

म्हणजे रेडिएटर बदलण्याची माझी हौस भागते, ती तो दुरुस्त होत नाही म्हणून. कारागिराचं काम गेलं, तिथे माझा पान्हा आला.

जुना रेडिएटर भंगारात देण्याआधी बाबांनी एका हाताने उचलून पाहिला.

"वजनच नाही रे याला," म्हणाले.