श्रद्धेबाहेरचे श्रोते : वसईच्या धर्मसंगीताचा इतिहास

धर्मसंगीताचा आस्वाद श्रद्धेवाचून घेता येतो का, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत बहुधा अमूर्त पातळीवर चर्चिला जातो. परंतु ज्या भूभागात एका धर्माचा नाद सत्तांतराबरोबर दुसऱ्या धर्माच्या कानांवर पडत गेला, तेथे त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. पालघर जिल्ह्यातील वसई हा असा भूभाग आहे. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने तो जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, वसईचा कोट हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे राहिले. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन अशा संन्यस्त संघांची चर्चे आणि मठ उभे राहिले, तर कोटाबाहेर आगाशीपासून पापडीपर्यंतच्या बागायती पट्ट्यात धर्मग्रामे, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्त्या, वसत गेली. ही भूमी त्याआधी उपासनेच्या नादाला अपरिचित होती असे मुळीच नाही. शेजारच्या सोपाऱ्यात बौद्ध स्तूप होता आणि निर्मळ हे हिंदूंचे जुने तीर्थ होते. त्यामुळे चर्चमधील गायन येथे आले ते रिकाम्या जागेत आले नाही, आणि पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली ही गोष्टही त्या गायनाच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही.

त्या काळच्या चर्चमधले मुख्य गायन म्हणजे लॅटिन भाषेतील ग्रेगोरियन गायन. हे एकसुरी असते, म्हणजे सर्व गायक एकच स्वरावली एकत्र गातात. त्याला तालाचे आवर्तन नसते, लय शब्दांच्या उच्चारातून निघते, आणि त्याची रचना आठ स्वरपद्धतींत वाटलेली असून प्रत्येक पद्धतीला आपला विश्रांतीचा स्वर आणि आपला पठणाचा स्वर असतो. हिंदुस्थानी संगीत जाणणाऱ्याला येथे न्यास आणि वादी या कल्पनांची सहज आठवण व्हावी, इतके हे साम्य जवळचे आहे, जरी दोन्ही परंपरांचा उगम आणि विस्तार अगदी वेगळा असला तरी. मिस्सा, म्हणजे कॅथलिक पंथाचा मुख्य उपासनाविधी, या गायनावर उभा होता आणि मोठ्या सणांना त्यात बहुस्वरी रचनांची, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वरावली गुंफणाऱ्या गायनाची, भर पडे. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वसईच्या शेतकरी आणि कोळी भाविकांपैकी बहुतेकांना लॅटिन येत नव्हते. जे गायन त्यांच्या आयुष्याला जन्मापासून मृत्यूपर्यंत वेढून राहिले त्याचे शब्द त्यांना कळत नव्हते. त्यांच्यापर्यंत पोहोचत होता तो स्वर, प्रसंग आणि समूह. श्रद्धावंताला धर्मसंगीत ‘आतून’ कळते आणि परक्याला केवळ बाहेरून, ही विभागणी या एका वस्तुस्थितीसमोर बरीच सैल पडते.

धर्मसत्तेला मात्र गाणे आणि श्रद्धा यांची फारकत शक्य वाटत नव्हती, आणि त्यामुळे तिचे धोरण दोन विरुद्ध दिशांना गेले. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. ज्या छंदात हिंदू पुराणे ऐकली जात होती त्याच छंदात ख्रिस्तकथा ऐकवावी, हा त्यामागचा हेतू होता आणि छंद कोणत्याही एका धर्माची मिरास नाही हे त्यात गृहीत धरलेले होते. उलट गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नांतील ओव्यांना आणि देशी वाद्यांना मनाई केली, कारण लग्नाच्या ओवीबरोबर जुना धर्मही घरात परत येतो अशी त्याची धारणा होती. त्या मनाईमागे क्रौर्य होते, तरीही ज्यांनी गाण्यावर बंदी घातली त्यांनी गाण्याचे सामर्थ्य ओळखले होते हे मान्य करावे लागते.

या फर्मानानंतर तीनच वर्षांनी वसई पडली, आणि जे घडले त्याला महाराष्ट्राच्या नादेतिहासात तोड सापडणे कठीण आहे. विजयी मराठा सरदारांनी चर्चच्या मनोऱ्यांवरील काशाच्या घंटा उतरवून देशावर नेल्या आणि त्या देवळांत टांगल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकर राजेबहादर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या तटात जी घंटा आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ते मंदिर आजही ‘नारोशंकराची घंटा’ याच नावाने ओळखले जाते. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणिसांच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगापुढील घंटाही वसईच्याच लुटीतली मानली जाते. या घंटा प्रथमतः विजयाची निशाणी होत्या आणि त्यांच्या स्थलांतराला सहिष्णुतेचे उदाहरण ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. पण युद्धात हाती आलेले काशाचे धातुकाम वितळवून तोफा ओतण्याची रीत जगभर होती, आणि तोफांची निकड असलेल्या मराठ्यांनी या घंटा वितळवल्या नाहीत, एवढेच नव्हे तर मरियेची आकृतीही खरवडून काढली नाही. तेव्हा टिकवून ठेवण्याजोगे त्यांना त्या घंटेत काय दिसले, याचे उत्तर तिच्या नादातच शोधावे लागते.

युरोपीय घंटेचा काठ जाड असतो, तिचा आकार खांद्यापासून ओठापर्यंत विशिष्ट वक्रतेने घडवलेला असतो, आणि तांबे व कथील यांच्या मिश्रणात कथलाचे प्रमाण सुमारे एक पंचमांश असल्यामुळे तिचा नाद दीर्घकाळ घुमतो. त्या नादात आघाताच्या मूळ स्वराबरोबर त्याचा कोमल गंधारही स्पष्टपणे मिसळलेला असतो, आणि चर्चघंटेच्या आवाजात जी एक गंभीर, किंचित व्याकूळ छटा जाणवते ती बऱ्याच अंशी या स्वरामुळे येते. कॅथलिक परंपरेत अशी घंटा टांगण्यापूर्वी बिशप तिला पवित्र जलाने धुतो, तेलाने अभिषेक करतो आणि तिला एखाद्या संताचे नाव देतो. या संस्कारातला एकही भाग सह्याद्री चढून गेला नाही. चर्चमध्ये ती घंटा साऱ्या गावाचा दिवस बांधत असे, पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला प्रार्थनेची हाक देत असे, गावात कोणी निवर्तल्याचे कळवत असे. देवळात घंटा वाजवायची ती एकेका भाविकाने, देवाला आपले येणे कळवण्यासाठी. विधी बदलला, अर्थ बदलला, ऐकणारे बदलले, आणि कोमल गंधार तोच राहिला. श्रद्धेवाचून धर्मनादाचा स्वीकार होऊ शकतो याचा याहून ठोस पुरावा मिळणे अवघड आहे. मात्र तो नाद एका श्रद्धेतून निघून अश्रद्धेत गेला नाही, दुसऱ्या श्रद्धेत गेला, ही मर्यादाही त्या पुराव्याला आहे.

वसईत मागे राहिलेल्या ख्रिस्ती समाजाची गोष्ट वेगळी आहे. युरोपीय संन्यासी निघून गेले, राजाश्रय संपला, कोटातील चर्चे हळूहळू ओस पडली. पुढे धर्मग्रामांचा कारभार मुख्यतः गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंच्या हाती राहिला. मराठ्यांच्या आणि नंतर इंग्रजांच्या राज्यात सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती समाजांनी ही उपासना चालू ठेवली, आणि तिच्याबरोबर तिचे गायन टिकले. रसिकांची दाद, जलसे, मैफली, यांपैकी काहीही या गायनाच्या वाट्याला आले नाही. ते जिवंत राहिले ते रविवार चुकवायचा नाही, चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळायचा, मृताला गाण्यावाचून मातीआड करायचे नाही, या नेमांमुळे. आस्वादाला श्रद्धा आवश्यक नसली, तरी ज्याचा आस्वाद घ्यायचा ते शतकानुशतके सांभाळण्याचे काम श्रद्धेने केले, हा भेद या प्रश्नाच्या चर्चेत वारंवार निसटतो आणि वसईचा इतिहास तो ठसठशीतपणे समोर ठेवतो.

हा भेद केवळ ख्रिस्ती संगीतापुरता नाही. कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) किंवा मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी ज्या गायकीचे जतन केले तिच्या बंदिशींत कृष्ण, शिव आणि देवी पदोपदी येतात, आणि ती गायकी ऐकणाऱ्या वा शिकणाऱ्या हिंदू शिष्यांनी गुरूच्या धर्माची अडचण मानली नाही. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी होणाऱ्या संगीतसेवेत सर्व धर्मांचे कलावंत बसतात. विष्णु नारायण भातखंडे यांनी अशा घराणेदार उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्यांचे शास्त्र बांधले आणि संगीत हा अभ्यासाचा विषय केला, तर त्यांचेच समकालीन विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात रामनामाकडे वळले आणि गायनाला भक्तीचे साधन मानत राहिले. महाराष्ट्राच्या संगीताला दोघांचीही गरज होती, आणि त्यांतला एकच मार्ग खरा असे म्हणणारा दुसऱ्याचे ऋण विसरतो. युरोपातही हाच प्रश्न उभा राहिला होता. श्रद्धेबाबत साशंक असलेल्या संगीतकार वेर्दीने लेखक मान्झोनीच्या स्मरणार्थ रचलेली मृतांसाठीची मिस्सा २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये सादर झाली तेव्हा टाळ्या वर्ज्य होत्या. तीच रचना लगेच काही दिवसांत ला स्काला नाट्यगृहात टाळ्यांच्या गजरात ऐकली गेली. श्रोत्यांपैकी कोण श्रद्धावंत होते हे स्वरांवरून ओळखता आले नसते.

वसईच्या गायनात सर्वांत मोठा पालट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १९०३ मध्ये दहावे पोप पायस यांनी नाटकी ढंगाचे संगीत चर्चमधून हटवून ग्रेगोरियन गायनाला पुन्हा अग्रस्थान दिले होते. कॅथलिक धर्मसंस्थेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मान्य केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ते अग्रस्थान तत्त्वतः कायम ठेवले, पण लोकभाषेतील उपासनेला वाट दिली आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली आणि तिच्यासाठी सहावे पोप पॉल येथे आले. अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे संस्थापक, जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श, त्याआधीपासूनच भारतीय रागसंगीत आणि नृत्य यांतून ख्रिस्तभक्तीची रचना करत होते. आणि प्रॉटेस्टंट पंथात तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही रूपे अर्धशतकापूर्वीच आपलीशी केली होती. तेव्हा मुंबई महाधर्मप्रांताचा भाग असलेल्या वसईत मिस्सा मराठीत आली, तिच्याबरोबर मराठी गीते आली, आणि पेटी व तबला वेदीजवळ आले. घरात सामवेदी बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठी ही देखील काहीशी सणासुदीची भाषा असते. तरीही शब्द प्रथमच कळू लागले, ही मोठी गोष्ट होती. तिची किंमत म्हणून लॅटिन गायन बहुतेक धर्मग्रामांतून मागे पडले, आणि ते जाणणारी पिढी सरत गेल्यावर जे गमावले ते केवळ भाविकांचेच गमावले असे म्हणता येत नाही. १९९४ मध्ये स्पेनमधील सांतो दोमिंगो दे सिलोस मठाच्या संन्याशांच्या ग्रेगोरियन गायनाची ध्वनिमुद्रिका जगभर लाखोंनी विकली गेली, आणि ती विकत घेणाऱ्यांत चर्चची पायरी न चढणारे असंख्य लोक होते. उपासनेतून मागे सरलेले गायन अशा रीतीने श्रद्धेबाहेरच्या श्रोत्यांकडे परत आले, पण ते गाणारे मात्र मठातच होते.

श्रद्धा नसलेल्या श्रोत्याला धर्मसंगीतातून काय मिळत नाही, हेही नेमके सांगायला हवे. त्याला स्वररचना मिळते, भाव मिळतो, इतिहास मिळतो; मिळत नाही ते त्या गायनाचे बंधन, म्हणजे ते आवडो न आवडो, ठरल्या दिवशी, ठरल्या माणसांबरोबर गावे लागण्याची जबाबदारी. ही उणीव अभ्यासाने पूर्ण भरत नसली तरी अभ्यासाने तिची जाणीव होते, आणि परक्या धर्माच्या गायनापुढे नम्रपणे बसण्यासाठी तेवढी जाणीव पुरेशी ठरते. वसईनेच याचे उत्तम उदाहरण दिले आहे, आणि ते उलट दिशेचे आहे. वसईचे सुपुत्र थॉमस डाबरे यांनी ख्रिस्ती धर्मगुरू असताना पुणे विद्यापीठात संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. पुढे १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा काढून वसई धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले बिशप तेच झाले. त्यांनी वारकरी संप्रदाय स्वीकारला नाही, आपली श्रद्धा सोडली नाही, आणि विठ्ठल हा आपला देव आहे असेही म्हटले नाही. तरीही ज्या अभंगांवर वारकऱ्यांची उभी हयात गेली ते अभंग त्यांनी वर्षानुवर्षे वाचले, तोलले, आणि त्यांतील अनुभव खरा मानून त्याची मांडणी केली.