कधी बोलायचे, याचा नियम

अमेरिकेत शाळकरी खेळाडूशी कॉलेजच्या प्रशिक्षकाने कधीपासून संपर्क साधावा, हा वरकरणी तारखेचा प्रश्न आहे. इतिहास मात्र सांगतो की खरा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना आवरण्याचा आहे. कॉलेज-क्रीडेची नियामक संस्था एनसीएए १९०६ साली वेगळ्या नावाने स्थापन झाली. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने खेळाडू मिळवण्यासाठी चाललेली आमिषे आणि छुपी आर्थिक मदत उघड केली. एनसीएएच्या १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’ या नियमावलीने या प्रकारांना लगाम घालू पाहिला, पण शिक्षा होती थेट हकालपट्टीची. १९५० मध्ये सात कॉलेजांना काढण्याचा ठराव दोन-तृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला आणि पुढच्याच वर्षी तो कोडही गुंडाळला गेला. १९५६ मध्ये आर्थिक गरज न पाहता क्रीडा-शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. पैसा अधिकृत झाला, पण चढाओढ थांबली नाही. खेळाडूपर्यंत आधी कोण पोहोचतो, यावर ती येऊन ठेपली.

पुढे पत्रे, फोन आणि भेटी यांना तारखा लागल्या, पण त्यांत एक फट राहिली. प्रशिक्षकाने फोन करायचा नाही. खेळाडू मुलीने स्वतः केला तर मात्र तो उचलू शकत होता. मग क्लबच्या प्रशिक्षकाकरवी ‘तिला फोन करायला सांगा’ असा निरोप जाऊ लागला. लॅक्रोस या खेळात आणि मुलींच्या फुटबॉलमध्ये आठवी-नववीतली मुले कॉलेजला ‘शब्द’ देऊ लागली. यात कोणी एक प्रशिक्षक खलनायक नव्हता. आपण थांबलो तर शेजारचे कॉलेज खेळाडू पळवील, या भीतीने प्रत्येक जण एक पाऊल अलीकडे सरकत होता. म्हणूनच २०१७ चा बदल महत्त्वाचा ठरतो. लॅक्रोसच्या प्रशिक्षकांच्या संघटनांनी स्वतःच बंधन मागितले आणि अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी दोन्ही बाजूंनी बोलणे बंद झाले. २०१९ मध्ये बहुतेक खेळांसाठी दहावी संपल्यानंतरची १५ जून ही तारीख ठरली. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल अशा काही खेळांची वेळापत्रके वेगळी राहिली.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो: गरीब घरातल्या मुलाला शिष्यवृत्तीची खात्री लवकर मिळत असेल, तर ती का अडवावी? पण ती खात्री नव्हतीच. तोंडी शब्द कोणत्याच बाजूवर बंधनकारक नसतो. मुलाची वाढ खुंटली किंवा प्रशिक्षकच बदलला, तर शब्द हवेत विरतो. शिवाय तेराव्या वर्षी नजरेत भरण्यासाठी महागडे क्लब आणि दूरदूरच्या स्पर्धा परवडाव्या लागतात. त्यामुळे घाईचा फायदा गरिबाला नव्हे, सुस्थितीतल्या घरालाच अधिक होतो. दुसरा आक्षेप असा की पळवाटा निघतच राहणार. मध्यस्थ तर आजही आहेत, हे खरेच. पण निरोप्यामार्फत चाललेल्या कुजबुजीवर विसंबून कोणतेही कुटुंब निश्चिंतपणे निर्णय घेऊ शकत नाही. म्हणजे नियमाने घाईची किंमत वाढवली, आणि नियमाकडून तेवढीच अपेक्षा धरता येते. सॅनिटी कोड कोसळला, कारण शिक्षा करायला पुरेसे सदस्यच तयार नव्हते. लॅक्रोसचा नियम मात्र स्पर्धेने थकलेल्यांनी स्वतः मागून घेतला होता. तारीख कोणती, यापेक्षा ती सर्वांना सारखीच लागू आहे का आणि दोन्ही बाजूंना बांधते का, यावरच तिचे यश ठरते.