यजमान कोण? राजवाड्यांच्या दप्तरांपासून वेब होस्टिंगपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर एका निवृत्त शिक्षकांनी मला थांबवून विचारलं, "सर, शाळेची वेबसाइट करायची आहे. मुलं म्हणतात, आधी होस्टिंग घ्या. म्हणजे आम्ही नेमकं काय घ्यायचं?" प्रश्न साधा होता, पण मला दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही. मी काही संगणकाचा माणूस नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या खानदेशातून जातो. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर.

आपल्या न्यायशास्त्रात आधार आणि आधेय अशी जोडी आहे. जे ठेवलेलं आहे ते आधेय आणि ज्यावर ठेवलेलं आहे तो आधार. तुपाला भांडं लागतं, तसं मजकुरालाही काहीतरी लागतं. स्मरण लागतं, कागद लागतो, कपाट लागतं, आणि आता सर्व्हर लागतो. होस्ट म्हणजे यजमान. तुमच्या मजकुराला आपल्या घरी राहू देणारा, आणि कुणी दार वाजवलं की तो मजकूर दाखवणारा. होस्टिंगचा गाभा एवढाच आहे.

आता आपल्याकडची उदाहरणं बघू. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, गाव असोदे, जळगावच्या अगदी जवळ. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता त्या गाणी रचत गेल्या. त्या गाण्यांचा यजमान कोण? त्यांचा कंठ आणि त्यांची आठवण. मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः कवी झाला, त्याने आणि घरातल्या नातेवाइकाने त्यातली काही वहीत उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोहोचली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. एका वहीवर सगळं टिकून होतं बघा. जी गाणी त्या वहीत आली नाहीत, ती यजमानाबरोबरच गेली.

दुसरं उदाहरण धुळ्याचं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरं त्यांनी मिळवली, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. पहिला खंड १८९८ चा. ज्या घरांत ही दप्तरं होती, त्या घरांना ती जपायची आहेत हे बहुधा ठाऊकच नव्हतं. वाळवी लागायची, पावसात भिजायची, नाहीतर रद्दीत जायची. राजवाड्यांनी काय केलं? आधार बदलला आणि प्रती वाढवल्या. माळ्यावर एकच कागद होता, तो छापून शेकडो घरांत गेला. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच शहरात उभं राहिलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं मठामठांतून गोळा केली. ती आज समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ग्रंथालयाला मंदिर म्हटलं, यातच यजमानपणाची कल्पना दिसते.

आता जिनिव्हाला जाऊ. तिथल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाचा संगणकतज्ज्ञ काम करत होता. जगभरातले शास्त्रज्ञ तिथे येत, प्रत्येकाचा संगणक वेगळा, कागदपत्रं वेगळी. एकाचं दुसऱ्याला सापडत नसे. मार्च १९८९ मध्ये त्याने एक टिपण लिहून दिलं, आणि १९९० संपता संपता पहिला वेब सर्व्हर चालू झाला. तो चालत होता नेक्स्ट कंपनीच्या एका टेबलावरच्या संगणकावर. त्या संगणकाला त्याने एक चिठ्ठी चिकटवली होती. लाल शाईत तिच्यावर लिहिलं होतं की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका. मला वाटतं, होस्टिंगचं पहिलं पाठ्यपुस्तक म्हणजे ती चिठ्ठी. कारण त्या दिवसांत कुणी झाडलोट करताना ते बटण दाबलं असतं, तर जगातली सगळी वेब बंद पडली असती!

म्हणजे सर्व्हर हे काही जादूचं यंत्र नाही. तुमच्या घरी आहे तसाच संगणक, फक्त तो चोवीस तास चालू असतो, चोवीस तास इंटरनेटला जोडलेला असतो, आणि कुणी पान मागितलं की ते पाठवण्याचा प्रोग्राम त्याच्यावर चालतो. मग आपल्या घरच्या संगणकावर वेबसाइट ठेवता येईल का? येईल. पण आपल्याकडे भारनियमन, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि रात्री कोण उठून बघणार? म्हणून ज्यांच्याकडे वीज, जनरेटर, थंडावा आणि राखणदार आहे अशांच्या इमारतीत आपण जागा भाड्याने घेतो. ती इमारत म्हणजे डेटा सेंटर, आणि ते भाडं म्हणजे होस्टिंगचा खर्च.

पण पाहुण्याला घर सापडायचं कसं? इथे लोकांचा फार गोंधळ होतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी आकडे शक्य होते. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. धुळेकरांना हे सांगायला नको. आपल्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत, तरी आपण पत्ता सांगताना "अमक्या दुकानाच्या शेजारी" असंच सांगतो. इंटरनेटवरही सुरुवातीला नाव आणि आकडा यांची एकच यादी होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं. यंत्रं वाढली, यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम मांडली. एका वहीऐवजी अनेक वह्या, आणि प्रत्येकाने आपापल्या भागाची वही सांभाळायची. तलाठ्याकडे गावाचं दप्तर, तहसीलदाराकडे तालुक्याचं, तशी उतरंड.

तेव्हा लक्षात ठेवा, भाडी दोन आहेत. एक नावाचं, दुसरं जागेचं. नाव म्हणजे डोमेन. ते विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळतं. जागा म्हणजे होस्टिंग. दोन्ही एकाच दुकानात मिळतात म्हणून ती एकच वाटतात, पण ती वेगळी आहेत. जागा बदलली तरी नाव तेच ठेवता येतं. फक्त वहीत नवा आकडा लिहायचा. नाव गेलं तर मात्र जागा असूनही तुम्ही कुणाला सापडत नाही.

आता जागेचे प्रकार. साक्री तालुक्यात पांझरेकाठी ज्यांची शेती आहे, त्यांना फड पद्धत माहीत असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि एका पाटावर अनेकांची शेतं. पाणी सगळ्यांचं, पाळी ठरलेली, पाटकऱ्यावर लक्ष ठेवण्याचं काम. शेअर्ड होस्टिंग तसंच असतं. एका यंत्रावर शेकडो वेबसाइट, खर्च वाटून घेतलेला, म्हणून स्वस्त. पण कुणी एकाने पाणी जास्त ओढलं तर शेवटचं शेत कोरडं राहतं. शेजारच्या साइटवर गर्दी झाली की तुमची साइट मंदावते.

एका आकड्यावर शेकडो साइट कशा राहतात, हाही प्रश्न सुरुवातीला अवघड होता. पाहुणा दारात यायचा, पण कुणाकडे आलोय ते सांगायचा नाही. त्यामुळे साधारणपणे प्रत्येक साइटला वेगळा आकडा लागे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नव्या नियमावलीने सक्ती केली की मागणी करताना साइटचं नाव सांगायचंच. चाळीत पत्र टाकताना खोलीवाल्याचं नाव लिहितात ना, तसं. एवढ्याशा नियमाने होस्टिंग स्वस्त झालं आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

ज्याला पाट वाटून घ्यायचा नाही, त्याने स्वतःची विहीर खणावी. आख्खा सर्व्हर भाड्याने घेणं म्हणजे ते. मधला मार्ग म्हणजे एकाच यंत्राचे पक्क्या बांधांनी वेगळे केलेले भाग, त्याला व्हीपीएस म्हणतात. क्लाउड म्हणजे जेवढं पाणी उपसलं तेवढ्याचे पैसे. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या साइटला पाटाचं पाणी पुरतं. विहीर खणायला लावणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा.

मराठीचा इतिहासही याच काळातला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने खुलं केलं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी मायबोली हे संकेतस्थळ सुरू केलं. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१४ पासून 'डॉट भारत' हा शेवट देवनागरीत मिळू लागला. पण युनिकोड रुळायच्या आधी अनेक मराठी साइटचा आपापला फॉन्ट असे. तो फॉन्ट नाहीसा झाला की पान शाबूत असूनही वाचता येत नसे, नुसती चिन्हं दिसत. राजवाड्यांनी गोळा केलेल्या मोडी कागदांचं आज तेच होतं. कागद आहे, पण वाचणारे मोजके. तेव्हा आधार टिकला म्हणजे अर्थ टिकला असं समजू नका.

आता दुखरी गोष्ट. १९९४ साली अमेरिकेत जिओसिटीज नावाची सेवा निघाली. कुणीही फुकट आपलं पान ठेवावं. लाखो लोकांनी ठेवलं. १९९९ मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट अर्काइव्हने धावपळ करून बरंचसं वाचवलं, सगळं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांनी आपली दुसरी प्रतही त्याच इमारतीत ठेवली होती, त्यांचं काही उरलं नाही.

हे परदेशात कशाला शोधायचं? आम्ही काही मित्र एक छोटी व्याख्यानमाला चालवत होतो. एका माजी विद्यार्थ्याने हौसेने तिची वेबसाइट करून दिली. नऊ वर्षांची भाषणं ध्वनिमुद्रित करून तिच्यावर ठेवली. नाव त्याच्या इमेलवर नोंदवलेलं, पैसे त्याच्या कार्डावरून जात. पुढे तो नोकरीसाठी बाहेर गेला, तो इमेल वापरेनासा झाला, कार्डाची मुदत संपली. आठवणीची पत्रं येत राहिली, वाचणारं कुणी नव्हतं. आम्हाला कळलं तेव्हा जागा रिकामी झाली होती आणि नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं होतं. इंटरनेट अर्काइव्हवर काही पानं मिळाली, भाषणांची शीर्षकं मिळाली, आवाज मिळाला नाही. त्यात माझ्या गुरुजींचं शेवटचं भाषण होतं. विषय होता स्मृती. शीर्षक अजून दिसतं. त्यावर क्लिक केलं की काहीच येत नाही.

दोष त्या मुलाचा नाही, त्याने तर फुकट केलं. होस्टिंग कंपनीचाही नाही, तिने कळवलं होतं. दोष आमचा. आम्ही समजलो की एकदा वर चढवलं म्हणजे जतन झालं. दाखवणं आणि जपणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सर्व्हर दाखवतो. जपायचं माणसांनाच लागतं.

तेव्हा त्या शिक्षकांना माझं उत्तर असं. नाव संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या इमेलवर नोंदवा, एका व्यक्तीच्या नाही. त्या इमेलचा पासवर्ड निदान दोघांकडे असू द्या. नावाच्या आणि जागेच्या मुदतीची तारीख संस्थेच्या इतिवृत्तात लिहा, आणि दरवर्षीच्या सभेत ती वाचा. सगळ्या मजकुराची एक प्रत आपल्या कपाटात आणि एक दुसऱ्या गावात ठेवा. वर्षातून एकदा ती उघडून बघा, कारण न उघडलेली प्रत ही नुसती आशा असते. आणि महत्त्वाचं असेल ते छापा. राजवाड्यांचा धडा जुना झालेला नाही.

आमच्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातले विचारवंत तिथे येऊन राहत, लिहीत. शेठजींचा पैसा गिरणीतला, पण त्यांनी विचारांना घर दिलं. यजमान म्हणावं ते याला. तुम्ही महिन्याला चार पैसे भरून सर्व्हरवर जागा घ्याल. ते भाडं झालं. यजमानपद भाड्याने मिळत नाही, ते आपल्यालाच निभावावं लागतं. कुणाकडे त्या व्याख्यानमालेची एखादी कॅसेट, एखादा पेनड्राइव्ह घरात पडला असेल, तर कृपा करून शोधा.

इथे थांबतो.