फोर्डची गाडी, शेव्हरोलेचें एंजिन

फोर्डची एखादी जुनी मालमोटार पाहावी, बॉनेट उचलावें, आणि आंत एंजिन निघावें शेव्हरोलेचें, हा चमत्कार अमेरिकेंत नित्याचा आहे. त्याचें मूळ शोधण्यासारखें आहे.

१९५३ सालीं फोर्डनें एफ-१०० ही छोटी मालमोटार, तिकडील भाषेंत पिकअप, बाजारांत आणली. तिच्यासाठीं मिळणारें आठ सिलिंडरांचें एंजिन मूळ १९३२ च्या घडणीचें. जळलेला वायु नेणारे मार्ग ओतीव ठोकळ्याच्या पोटांतून, भोंवतालच्या पाण्यामधूनच काढलेले. त्यामुळें तें लवकर तापे. १९५५ त शेव्हरोलेनें एड कोल याच्या देखरेखीखालीं २६५ घनइंचांचें नवें एंजिन काढलें: आटोपशीर, हलकें, आणि साध्या प्रकारांतही १६२ अश्वशक्तीचें. पुढें मोडींत निघालेल्या गाड्यांतून तें स्वस्तांत मिळूं लागतांच हौशी लोकांनीं तें फोर्डच्या सांगाड्यांत बसविण्याचा सपाटाच लावला.

काम दिसतें तितकें सोपें नव्हे. एंजिनाचे आधार नव्यानें जोडावे लागतात, गिअरपेटीशीं मेळ घालावा लागतो. आणि ब्रेकांचा तर पुष्कळांस विसरच पडतो. धांव वाढली, पण थांबण्याची सोय १९५३ चीच!

शुद्धतेचे अभिमानी या संकरास नाक मुरडतात. आम्हांस तें पटत नाहीं. गवतांत गंजणारी ती अस्सल आणि परक्या एंजिनावर ओझें वाहणारी ती बाटलेली, हा न्याय कोणता? मात्र जुनें एंजिन भंगारांत देणाऱ्यांस आम्ही क्षमा करणार नाहीं. तेल लावून, गोणपाटांत गुंडाळून तें कोपऱ्यांत ठेवावयास कितीशी जागा लागते?