भाषा कोणाची?

निजामी अंमलात आमच्या धाराशिवच्या कचेऱ्यांत उर्दू चाले. म्हणून ती जुलमाची भाषा, असे आम्ही मानीत आलो. इतिहास निराळे सांगतो. निजाम मीर उस्मान अली खान उर्दूत शायरी करीत. त्याच उर्दूत मख्दूम मोहिउद्दीन हे कवी शेतकऱ्यांची बाजू घेऊन निजामशाहीविरुद्ध उभे ठाकले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजांनी नळदुर्ग घेतले. १७ तारखेला निजाम शरण आले. रझाकारांचे अत्याचार खरेच. पण पुढे सूडापोटी निरपराध मुसलमानही मारले गेले. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने आमचा जिल्हा गणला. जुलूम सत्तेचा असतो, भाषेचा वा शेजाऱ्याचा नव्हे. एवढा विवेक आम्ही राखला, तरच ती मुक्ती पुरी झाली म्हणावयाची.